तीन आठवड्यांचे गुरुजी

दादा, परवा विहारात तुझ्यासाठी सगळे जमले होते, आणि बोलायला उठलेला प्रत्येक जण तुला गुरुजी म्हणत होता. कारखान्यातले म्हणत होते, कॉलनीतले म्हणत होते, ज्यांच्या टपरीवर उभा राहून तू फुकट पेपर वाचायचास ते पानवालेसुद्धा. "गुरुजी गेले." "गुरुजींसारखा माणूस पुन्हा होणे नाही." तुमच्या युनियनचे सेक्रेटरी तर म्हणाले, "गुरुजींनी स्वतःच्या बहिणीला हाताला धरून डोंगरात नेलं आणि शिक्षिका केलं. ताई इथं बसल्यात. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उठले नाही. वहिनी शेजारी पांढऱ्या साडीत बसली होती. तिनं माझा हात दाबला. तिला वाटलं, मला रडू आवरत नाहीये. मला रडू येत नव्हतं. मला एकच वाक्य सुचत होतं, आणि ते तुझ्या शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. हा माणूस जेमतेम तीन आठवडे गुरुजी होता, आणि नंतर शाळेला कुलूप लावून निघून गेला.

तिथं बोलले नाही ते आता तुझ्याशीच बोलते. तू असतास तर हसून उडवलं असतंस. दहा वर्षं तेच केलंस.

सेक्रेटरी खोटं बोलले नाहीत, हीच तर पंचाईत आहे. शिक्षिका मला तूच केलंस. माझी मॅट्रिक झाली तेव्हा अप्पांनी माझ्यासाठी शिवणाचा क्लास बघून ठेवला होता. तू तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होतास. जेवता जेवता म्हणालास, "अप्पा, बेबीला पण डी.एड.ला घालू."

"पोरीला मास्तरीण करून काय करायचं?" अप्पा म्हणाले. "लय शिकली तर तिच्या तोलाचा नवरा कुठून आणू मी?"

"तुम्ही कशाला आणताय? तिचा पगार बघून तोच येईल."

अप्पा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. दिवसभर नळाच्या तक्रारी ऐकून घरी आलेला तो माणूस सहसा हसायचा नाही. त्या दिवशी हसले आणि तिथंच माझं ठरलं. पुढच्या वर्षी माझा नंबर लागला.

आपल्या दोन खोल्यांच्या घरात तू मागच्या दाराच्या आतल्या बाजूचा फळा केलास, आठवतं? टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड खळीत कालवलीस आणि दार सारवलंस. महिनाभर आईचा पदर त्या दाराला घासून काळा होत होता आणि ती आपल्या दोघांच्या नावानं ओरडत होती. कॉलनीतली पाच-सहा पोरं चुरमुऱ्यांच्या लालचीनं गोळा करायचास, मला दारापुढं उभी करायचास आणि स्वतः त्या पोरांच्या मागं मांडी घालून बसायचास.

"बेबी, फळ्याकडं तोंड करून बोलू नको. तुझी पाठ शिकवणार आहे का त्यांना?"

"बेबी, ओरडू नको. ओरडलं की आवाज पहिल्या रांगेलाच लागतो. शेवटच्याला ऐकू जाईल असं बोल."

"बेबी, तो बघ, डाव्या हाताचा झोपला. त्याला उठवू नको, त्याला प्रश्न विचार."

पाठाच्या टाचणात आधी प्रस्तावना, मग उद्देशकथन, मग विषयविवेचन असा क्रम असायचा. उद्देशकथनाला तू घरात नुसता ऊत आणला होतास. आई ताट वाढायला लागली की छातीवर हात ठेवून म्हणायचास, "मुलांनो, आज आपण कालचीच आमटी पुन्हा खाणार आहोत." आईला त्यातलं काही कळायचं नाही, पण ती पदर तोंडाला लावून हसायची. त्या घरात इतकं हसू तुझ्याआधी नव्हतं आणि तुझ्यानंतर असेल असं वाटत नाही.

माझा पहिला सराव पाठ नगरपालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होता. हातच्याची वजाबाकी. टाचण पाठ होतं. साडीला पिना लावलेल्या होत्या. मी फळ्यावर गणित मांडलं आणि म्हणाले, "तीनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेतला." पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, कोणाच्या हातचा?" सगळा वर्ग हसला. मला पुढचं काही आठवेना. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि मी त्यांच्या पेनकडं बघत खडू धरून तशीच उभी राहिले.

तू स्वतःचा तास बुडवून खिडकीबाहेर उभा होतास. नंतर मला गोदावरीच्या काठी नेलंस. पुलाखालच्या पायऱ्यांवर बसून मी रडत होते आणि तू भेळ खात होतास.

"पोरानं बरोबर विचारलं," म्हणालास. "कोणाच्या हातचा? सांग की. शेजारच्या घरात दहा-दहा काड्यांच्या जुड्या आहेत. आपल्याकडं काड्या कमी पडल्या, म्हणून त्यांच्याकडून एक जुडी मागून आणली आणि सोडली. एवढंच आहे ते. पण तुझी चूक ती नव्हती."

"मग कुठली?"

"तू मुलांकडं बघत नव्हतीस. मागं बसलेल्या बाईंकडं बघत होतीस. त्या तुला पास करतील, बेबी. पण शिकायचंय मुलांना."

माझ्या नोकरीला आता दहा वर्षं होऊन गेली. तालुक्याच्या बैठकीत नव्या शिक्षकांना काही सांगा म्हटलं की मी हेच सांगते. कुणाचं वाक्य आहे ते मात्र सांगत नाही.

तुझा स्वतःचा वार्षिक पाठ कॉलेजात गाजला होता. तू नदीवर पाठ घेतलास, वर्गात नदी आणलीस म्हणे. परीक्षक खुर्चीवरून उठून तुझ्याजवळ आले. तू घरी आलास तेव्हा नाटकाचा पडदा पडल्यावर नट येतो तसा आलास, घामेजलेला आणि खूश. मला वाटलं, जगात शिक्षक असावा तर असा.

कॉलेजच्या शिबिराला तू सुरगाण्याकडं जाऊन आलास आणि डोक्यात वेड घेऊन आलास. "बेबी, तिथं मुलं आहेत, शाळेचं घर आहे, फक्त मास्तर टिकत नाही. दोन शिक्षकांची शाळा आहे. एक तू, एक मी." माझं दुसरं वर्ष संपेपर्यंत तू दुसरं काही बोलला नाहीस. तुझं डी.एड. होऊन वर्ष झालं होतं, तरी सांगायचास, तुझ्यासाठी थांबलोय. माझ्या परीक्षेनंतर आपल्या कॉलनीजवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका मला घ्यायला तयार होत्या, त्यांच्याकडच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. तू म्हणालास, "दुसऱ्याच्या रजेवर काय नोकरी करतेस? आपलं ठरलंय ना?" मी त्यांना नाही म्हणून आले. डोंगरात जायला फारसं कुणी राजी नसायचं, त्यामुळं आपण दोघांनी मागितलेली शाळा आपल्याला लगेच मिळाली.

अप्पा स्टँडवर सोडायला आले होते. मला वीस पूर्ण नव्हती. अप्पा माझ्याशी काही बोललेच नाहीत, तुझ्याशीच बोलले. "गणपत, पोर तुझ्या जिवावर पाठवतोय." आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "अप्पा, मी आहे ना. तिला एकटीला सोडणार नाही."

मी एसटीच्या खिडकीत बसून ते ऐकलं. ऐकल्यासारखंही वाटलं नव्हतं मला, इतकं ते गृहीत होतं.

पाड्यावरच्या त्या शाळेत पहिल्या दिवशी तू काय शिकवलंस! गाणं म्हटलंस, मोर झालास, पाऊस झालास. मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. मग तू थांबलास. मुलं बघतच राहिली. तुझं शहरातलं मराठी त्यांना कळलं नव्हतं. शेवटी एक मुलगी उठली आणि खुणेनं विचारलं, पाणी प्यायला जाऊ का. तू हो म्हणालास आणि खडू ठेवून दिलास.

मी त्यांच्यात बसून त्यांचे शब्द विचारत होते. ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. तेवढंच जमत होतं मला. दुसऱ्या आठवड्यात तू नागलीच्या भाकरीवर चिडायला लागलास. तिसऱ्यात तू वर्गाच्या दारात बसून बाहेरच्या वाटेकडं बघत राहायचास आणि दोन्ही वर्ग मी घ्यायची. मला वाटलं, घरची आठवण येतेय तुला. मी आईसारखी आमटी करून बघितली.

मग सुरगाण्याला नव्या शिक्षकांची दोन दिवस बैठक होती. प्रत्येक शाळेतून एकानं जायचं होतं. "तू जा," तू म्हणालास. "मी बघतो मुलांकडं."

परत आले तेव्हा दुपार होती. भात लावायचे दिवस, सगळा पाडा खाचरात. शाळेला कुलूप होतं, आणि बाहेरच्या ओट्यावर मुलं पाट्या मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ओट्यावर पावसाची झड येत होती आणि ती पाट्यांवर हात धरून बसली होती.

"गुरुजी गेला," ती पाणी मागणारी मुलगी म्हणाली. "चावी पाटलाघर आहा."

"कधी गेले?"

"तू गेली ना, तवाच."

म्हणजे ती दोन दिवस तशी येऊन बसत होती, दादा. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना, शाळा नाही म्हणून. शाळा भरायची वेळ झाली की यायची, सुटायची वेळ झाली की जायची.

पोलीसपाटलांनी चावी दिली. म्हणाले, "भाऊ तुमचा सामान घेऊन जीपमध्ये बसला. मी पुसलं, परत कधी? तो काय बोलला नाही." मी आपल्या खोलीत जाऊन बघितलं. तुझं अंथरूण नव्हतं, बॅग नव्हती. माझ्यासाठी निरोपसुद्धा नव्हता. मला वाटलं अप्पांना काही झालं असेल, तुला धावत जावं लागलं असेल. आठवडाभर मी तुझी हीच बाजू मांडत होते, पाटलांकडं, मुलांकडं, स्वतःकडं. मग बाजाराच्या दिवशी सुरगाण्यात शेजारच्या शाळेचे एक गुरुजी भेटले. नाशिकहून येत होते. म्हणाले, "तुमचा भाऊ सातपूरला कारखान्यात लागला की! तुम्हाला माहीत नाही?"

पुढच्या रविवारी तू आलास, अप्पांना घेऊन, जीप ठरवून. तू काही समजावून सांगशील म्हणून मी धावत बाहेर आले. तू खालीसुद्धा उतरला नाहीस.

"सामान भर, बेबी. इथं काय ठेवलंय?"

पाटील उभे होते. निम्मी मुलं जीप बघायला आली होती. त्यांच्यासमोर बोललास ते, इथं काय ठेवलंय. तेवढं मराठी त्यांना कळलं.

अप्पा उतरले. शाळेत गेले, फळा बघितला, मुलांनी भिंतीला लावलेली चित्रं बघितली. बाहेर येऊन तुला म्हणाले, "तिला इचार तरी."

"तिला काय विचारायचं?" तू म्हणालास. "मीच आणलं तिला, मीच नेतो."

"आणलंस तू," मी म्हणाले. "पण राहिले मी."

माझ्या आयुष्यात मी तुला उलट बोललेलं ते पहिलं वाक्य. तू अप्पांकडं बघितलंस. अप्पांनी पुन्हा एकदा शाळेकडं बघितलं. मग म्हणाले, "पोरगी एकटी नाय राहणार. तिच्या आईला पाठवतो." आणि जीपमध्ये जाऊन बसले. जाताना तू माझ्याकडं वळून बघितलं नाहीस. मी बघत होते, म्हणून सांगते.

आई स्टोव्ह, दोन गोधड्या आणि मिरचीचा डबा घेऊन आली आणि वर्षभर राहिली. तिच्यामुळं मी टिकले. तिच्याच तोंडून एकदा तांदूळ निवडताना सहज निघालं, की कारखान्याची मुलाखत तू आपण डोंगरात यायच्या आधीच दिली होतीस. बोलावणं यायचं राहिलं होतं फक्त. "तुला सांगू नको म्हणला होता," आई म्हणाली. "कसं का असंना, बरा पगार हाय."

मी सुपातलं बघत राहिले. म्हणजे स्टँडवर अप्पांच्या खांद्यावर हात ठेवलास, तेव्हा तुला माहीत होतं. माझ्या मुख्याध्यापिकाबाईंना मी नाही म्हणून आले, तेव्हाही.

तू पळालास हे मी कधीतरी गिळलंही असतं. विशीतल्या पोराला डोंगर झेपला नाही, असं म्हटलं असतं. पण निघतानाच परतीची वाट ठरवून ठेवलेली, आणि मला सांगत होतास, एक तू, एक मी. हे नाही गिळता आलं, दादा.

आणि मग सुरू झालं तुझं ते दुसरं. लग्नात, बारशाला, कारखान्याच्या पूजेला, जिथं मी भेटेन तिथं माझ्या खांद्यावर हात टाकून लोकांना सांगायचास, "ही माझी बहीण. मीच तिला मास्तरीण केलं." लोक तुलाच गुरुजी म्हणायला लागले. तू कारखान्यात पोरांना अर्ज लिहून द्यायचास, भाषणं लिहून द्यायचास, युनियनच्या सभेत टाळ्या घ्यायचास. मी हसून चहा प्यायची. काय बोलणार? खोटं नव्हतं. वर्गात उभी राहिले की आजही माझ्या तोंडून तुझाच आवाज निघतो. वजाबाकीला मी जुडी सोडते आणि शेवटच्या मुलाकडं बघते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतः मास्तर झालीत, त्यातली दोन तर त्याच पाड्यावरची. हे सगळं तू दिलंस. तुझे उपकार मानायला तोंड उघडलं की त्या ओट्यावरची मुलं दिसतात आणि तोंड मिटतं.

कावीळ वाढून तू दवाखान्यात होतास तेव्हा मी दोन दिवस रजा काढून आले. वहिनी डबा आणायला घरी गेली होती. तुझी बोटं हळदीत बुडवल्यासारखी झाली होती. तू म्हणालास, "बघ, आता खडू धरला तर खडू पिवळा होईल." मी हसले नाही. आज विचारायचं, असं मी एसटीतच ठरवलं होतं.

"दादा, तू का गेलास?"

पहिल्यांदाच तू हसण्यावारी नेलं नाहीस. छताकडं बघत राहिलास.

"मागं कोणी बसलेलं नव्हतं, बेबी," म्हणालास. "पाठ संपायचा आणि कोणीच काही म्हणायचं नाही. मुलं नुसती बघायची. तुला मी सांगायचो ना, मुलांकडं बघ म्हणून? मी कधीच बघितलं नाही. मी कायम मागच्या बाकाकडं बघूनच शिकवलं. ते मला तिथं गेल्यावर कळलं."

"मग मला का नेलंस? नोकरी तर आधीच बघून ठेवली होतीस."

मला ते माहीत आहे हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा चेहरा उतरला. मग हळू म्हणालास, "अप्पांनी तुला एकटीला सोडलं असतं का? मी आलो म्हणून तू पोचलीस."

क्षणभर मला वाटलं, असंच असेल. मला तिथं पोचवण्यासाठीच आला असशील तू. दहा वर्षांचा राग उगाच वागवला की काय मी. आणि लगेच जीप आठवली. मग न्यायला का आलास, दादा? पोचवायलाच आला होतास, तर मुलांसमोर सामान भर का म्हणालास?

प्रश्न ओठावर आला होता. तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, तुला कूस वळवायला लावली, आणि मग तुझा डोळा लागला. वहिनी आली. मी म्हटलं, रविवारी पुन्हा येते. रविवारी आले ती तुला खांद्यावर उचललं तेव्हा बायकांच्यात उभी राहायला.

खरं उत्तर काय होतं तुझं? की ते उत्तरही मागच्या बाकासाठी होतं, आणि त्या दिवशी मागच्या बाकावर मी होते?

हे लिहायला बसले ते कालच्या एका गोष्टीमुळं. तुझं सगळं आटोपून मी काल, सोमवारी, शाळेत हजर झाले. आता मी दुसऱ्या गावी आहे, पण तालुका तोच. माझ्याबरोबर यंदा एक नवा मुलगा लागलाय, निफाडकडचा, महिनाही झाला नसेल. काल मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "बाई, मला नाही जमत. मला मुलांचं कळत नाही, त्यांना माझं कळत नाही. मी उद्या निघतो. तुम्ही रागावू नका."

मी त्याला थांब म्हटलं नाही. पहिल्या वर्षी असंच होतं, असंही म्हटलं नाही.

"जायचं तर जा," मी म्हणाले. "पण मुलांना सांगून जा."

"काय सांगू?"

"जातोय म्हणून सांग. उद्या येणार नाही म्हणून सांग."

तो वर्गात गेला. मी दाराशी उभी राहिले. तो फळ्यापाशी जाऊन मुलांकडं वळला. मग म्हणाला, "मुलांनो, मी उद्यापासून येणार नाही. मी माझ्या गावी चाललोय. तुमची काही चूक नाही." एका मुलानं विचारलं, परत कधी? तो म्हणाला, "नाही येणार."  दोघं-तिघं रडली. त्याचेही डोळे भरले. आज सकाळी तो जीपमध्ये बसला तेव्हा मुलं वाटेवर उभी होती. जीप वळणाआड गेल्यावर ती आपणहून वर्गात आली आणि पाट्या काढून बसली.

त्या मुलाचा मला राग आला नाही, दादा. तुझा अजून येतो.